तेरा कोटी : एका संख्येचें अंतरंग

आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब या गांवीं शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, समर्थ रामदासस्वामींचा जन्म झाला. पुढें नाशिकजवळील टाकळी येथें त्यांनीं बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असें परंपरा सांगते. हा आंकडा घरोघरीं श्रद्धेनें उच्चारला जातो; त्याची घडण कशी आहे, हें मात्र क्वचितच कोणी पाहतें.

१३,००,००,००० या संख्येचे मूळ अवयव पाडले, तर सात वेळां दोन, सात वेळां पांच आणि एकदां तेरा मिळतात. दोन व पांच यांच्या सात जोड्यांनीं सात शून्यें होतात; उरतो तो तेरा. मंत्राचीं अक्षरेंही तेराच. म्हणजे दर अक्षरामागें एक कोटी जप पडतो. आणि उच्चारलेलीं एकूण अक्षरें तेराच्या वर्गाइतके कोटी, म्हणजे १६९ कोटी, भरतात.

आतां जपमाळ घ्यावी. तिचे मणी १०८. या संख्येस तिनानें निःशेष भाग जातो. तेरा कोटींच्या अंकांची बेरीज मात्र चार. दहा, शंभर, हजार यांपैकीं कोणासही तिनानें भागलें तरी बाकी एकच राहते. म्हणून अंकांच्या बेरजेस तिनानें भाग जात नसेल, तर मूळ संख्येसही जात नाहीं. तेव्हां इतक्या जपाच्या माळा कधींच पूर्ण बसणार नाहींत. १२,०३,७०३ माळा होऊन वर ७६ मणी उरतात. बारा वर्षांची समान वांटणीही याच कारणानें जमत नाहीं; वर्षास १,०८,३३,३३३ जप धरल्यास शेवटीं चार उरतात.

बारा वर्षांचे दिवस सुमारें ४,३८३. दररोजच्या वांट्यास २९,६६० जप येतात. एका जपास दोन सेकंद धरल्यास रोज सुमारें साडेसोळा तास लागतात. एकच सेकंद धरल्यास सव्वाआठ तास पुरतात, पण एका सेकंदांत तेरा अक्षरें मनांतल्या मनांतच उरकावीं लागतील.

यावरून परंपरा खरी कीं खोटी, याचा निकाल गणित देत नाहीं. तो त्याचा अधिकारही नव्हे. मण्यांवर मोजीत गेलेला आंकडा सहसा इतका वाटोळा निघत नाहीं, एवढें मात्र तें दाखवितें. तेरा अक्षरें आणि दर अक्षरास कोटी, ही रचना हिशेबनिसाच्या बेरजेपेक्षां आधींच बांधलेल्या संकल्पाची वाटते. संकल्पाची संख्या दिवसांच्या वा मण्यांच्या सोयीनें ठरत नाहीं. म्हणूनच अखेरची माळ अर्धी न टाकणाऱ्या साधकाचा जप तेरा कोटींवर बत्तीस अधिक भरतो.