घोडीच्या टेम्पोतून बैल आणताना
(जळगाव जामोद तालुक्यातील बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



लग्नसराई संपत आली की वरातीच्या घोड्या वाहणारे टेम्पो रिकामे होतात. नेमकी तेव्हाच आपल्याकडे बैलजोडीची निकड लागते. मग घाटावरच्या बाजारात जोडी घ्यायची, घोडीवाल्याचा टेम्पो कमी भाड्यात ठरवायचा आणि राजूर घाट उतरून खाली यायचे. त्यात वावगे काही नाही. पण मागच्या मोसमात अशाच टेम्पोत एका घरचा बैल घसरला, आडव्या बांबूखाली अडकला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. जोडी कर्जाची होती. हप्ते चालूच राहिले, आणि पेरणीला त्या घराला दुसऱ्याच्या जोडीची वाट बघत बसावे लागले. म्हणून आज एवढेच बोलतो.

पहिली गोष्ट तोंडाची. 1978 चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम घोड्याचे तोंड डावीकडे, रहदारीपासून लांब ठेवायला सांगतात. गुरांचे तोंड मात्र शक्यतो इंजिनाकडे असावे असे सांगतात. म्हणजे घोडीसाठी बांधलेले बांबू जसेच्या तसे चालणार नाहीत. ते सोडवून गाडीच्या लांबीत, दोन बैलांच्या मध्ये बांधून घ्या. घोडीच्या छातीशी येणारा दांडा बैलाच्या गळ्याशी येतो आणि शिंग त्यात गुंतते, म्हणून तो काढाच. घाट उतरताना सगळा भार पुढे येतो. केबिनच्या मागच्या पत्र्याला कुटार भरलेली पोती घट्ट बांधा.

दुसरी गोष्ट तळाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. घोड्याची लीद कोरडी, बैलाचे शेण पातळ. घोडीसाठी टाकलेली रबरी चटई शेण-मूत पडले की तासाभरात साबणासारखी होते. तिच्यावर वाळूचा थर द्या, वर गोणपाट आणि सोयाबीनचे कुटार. वाटेत थांबाल तेव्हा हात लावून बघा. ओले झाले असेल तर आणखी कुटार टाका. त्यासाठी एक पोते जास्तीचे ठेवा.

बांधायचे ते गळ्यातल्या दाव्याला, वेसणीला कधीच नाही. ब्रेक लागला की नाक फाटते. घोडीची कडी उंचावर असते, तिला बांधलेला बैल मान वर करून लटकत राहतो. कडी खाली घ्या. दोर इतका ठेवा की मान सैल राहील, पण पाय दोरात जाणार नाही. गाठ ओढताच सुटणारी हवी, आणि जवळ विळा हवाच. जोडी औताला जशी चालते तशीच डावी-उजवी उभी करा, बैल शांत राहतात.

आता कागद. नियमाप्रमाणे मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरे चालत नाहीत, सोबत राखणदार लागतो, दुसरा माल भरता येत नाही आणि पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. 2016 पासून गाडीत प्रत्येक जनावराला वेगळा कप्पाही हवा: गाय-म्हशीला 2 चौरस मीटर, घोड्याला 2.25. घोडीचा कप्पा त्या मानाने पुरतो, पण परवाना कशाचा आहे ते भाडे ठरवण्याआधी विचारा. कानात बिल्ला नसलेले जनावर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. बाजाराची पावती, दाखला आणि सातबाऱ्याची नक्कल मालकाच्या स्वतःच्या खिशात असू द्या, ड्रायव्हरकडे नको. रस्त्यात कोणी अडवले तर वाद न घालता कागद दाखवा आणि पोलिसांना बोलवायला सांगा. आपला माणूस शेतीसाठी बैल आणतोय हे बोलून पटत नाही, कागदाने पटते. बैल अडकून पडले तर मृग निघून जातो.

2022 मध्ये लंपीने बाजार बंद पडले होते, ते तुम्ही विसरला नसाल. म्हणून जनावर चढवण्याआधी टेम्पो धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायला लावा, घोडीवाला कितीही कुरकुरला तरी.

उतरवताना उडी मारू देऊ नका. बांधाला किंवा उंचवट्याला टेम्पोची मागची बाजू लावा, फळी घट्ट बसली का ते आधी स्वतः चढून बघा. उतरल्यावर पाणी, मग थोडा चारा, आणि तो दिवस सावलीत. वखराला दुसऱ्या दिवशीही नको.