बरवा, खूब आणि देखणा



‘प्रिटी’ हा इंग्रजी शब्द आज आपल्या बालवाडीतल्या पोरांनाही येतो. प्रिटी म्हणजे गोड, सुंदर. पण हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत हा शब्द लबाड माणसाला लावत. ‘प्रॅट’ म्हणजे डाव, आणि ‘प्रॅटिग’ म्हणजे डाव टाकण्यात पटाईत. पुढे लबाडी गळून पडली आणि हुशारी राहिली. मग हुशारीनं घडवलेली वस्तूही प्रिटी झाली, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास नाजूक रूपालाही तोच शब्द लागला.

कसबातून रूपाकडे झालेला हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याही बोलण्यात आहे. आषाढात भोर-वेल्ह्याच्या खाचरांत बाया वाकून, मागं सरकत भाताची रोपं रोवतात. लावणी ‘नेटकी’ झाली असं बांधावरून कुणी म्हणालं, की काम चोख झालं आणि डोळ्यांनाही बरं वाटलं, हे दोन्ही त्यात आलं. ‘सुरेख’ शब्दात तर रेघ ओढणारा हातच आहे.

प्रिटीची कथा इथं थांबत नाही. सोळाव्या शतकात तो नुसतं माप सांगू लागला. ‘प्रिटी कोल्ड’ म्हणजे बऱ्यापैकी थंड. त्यात सौंदर्याचा मागमूस नाही.

आता आपलं बघा. ‘राजगड चढायला बराच वेळ लागतो, ऊन खूप आहे.’ या साध्या वाक्यात सौंदर्याच्या घराण्यातले दोन शब्द बसलेत. संतांच्या मराठीत ‘बरवा’ म्हणजे उत्तम, सुंदर. विठ्ठल त्यांना बरवा दिसे. त्याच घराण्यातला आपला ‘बरा’. आज तब्येत बरी म्हणजे चालतंय इतकंच, आणि ‘बराच’ म्हणजे नुसतं प्रमाण. ‘खूप’ आला फारसीतल्या ‘खूब’वरून. खूब म्हणजे चांगला, छान. ‘खूबसूरत’मध्ये तो अजून जुन्या तेजात आहे. आपल्याकडे मात्र ऊन खूप, कर्ज खूप, गर्दी खूप.

भारत आणि इंग्लंड, दोन्हीकडे हे एकाच वाटेनं का घडावं? माझं मत असं, की कौतुकाचा शब्द माणूस हात राखून वापरत नाही. जोर द्यायचा झाला की तोच पुढं करतो. ‘चांगलाच चोप दिला’ म्हणताना त्यात चांगलं काय असतं? केवळ जोर. अशा वापरानं शब्दाचा रंग उडतो आणि वजन तेवढं राहतं.

‘देखणा’ मात्र अजून टिकून आहे. चहा सुरेख होतो, गाणं सुरेख होतं. पण देखणा चहा कुणी म्हणत नाही, ऊनही ‘देखणं कडक’ नसतं. जुन्या मराठीत देखणा म्हणजे पाहणारा, डोळस असाही अर्थ होता. पाहणाऱ्याला आणि ज्याला पाहायचं त्यालाही एकच शब्द! त्यातलं ‘देखणं’ अजून सुटलेलं नाही, म्हणूनच तो मापाच्या कामाला जुंपला गेला नसावा.