कायमचे परत आलेल्यांसाठी



श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव, महाड या पट्ट्यात प्रत्येक मोहल्ल्यातली काही माणसे आखातात असतात किंवा जहाजावर. त्यामुळे गावात कोणी उतरला की पहिला प्रश्न ठरलेला : "सुट्टीवर आलास, की कायमचा?" 'कायमचा' म्हटले की समोरच्याचा चेहरा पडतो. आज मला या कायमच्या आलेल्या मुलांविषयी बोलायचे आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्या कामात आधी माहिती नीट गोळा करतात आणि मग उपाय शोधतात. इथेही मी तेच करणार आहे.

अचानक परत यावे लागणे आपल्याला नवीन नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना, बहुतेकांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणले गेले. २०११ मध्ये सौदी अरेबियाने निताकत आणले. स्थानिकांना नोकऱ्या द्या, असा कंपन्यांवर दबाव आला आणि २०१३ मध्ये अनेकांना बोचके बांधावे लागले. मे २०२० मध्ये वंदे भारतची विमाने सुरू झाली. त्यातून आलेल्यांचे विलगीकरण संपते न संपते, तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पगार गेलाच होता, आता बागही गेली.

अशा वेळी घरात एकच वाक्य ऐकू येते : "थांब, दुसरा व्हिसा निघेल." वाट पाहण्यात वर्ष जाते. पहिल्या व्हिसासाठी काढलेले कर्ज तसेच असते, त्यात दुसऱ्याची भर पडते. जायला माझा विरोध नाही. माणूस नाइलाजाने जातो, याला माझा विरोध आहे. इथे बऱ्यापैकी काम हातात असेल, तर तो एजंटसमोर ताठ बसतो आणि करार वाचून सही करतो.

मग इथे काम का मिळत नाही? आपल्याच घरातली दोन माणसे बघा. एक खलाशी, दुसरा दुबईत एसी दुरुस्त करणारा. खलाशाकडे सीडीसी असते. कोणत्या जहाजावर, कोणत्या हुद्द्यावर, कधी चढला, कधी उतरला, हे सगळे त्यात लिहिलेले असते. नवी कंपनी पुस्तक उघडते आणि तिला माणूस कळतो. एसीवाल्याने सात वर्षे मोठमोठ्या इमारती सांभाळल्या, पण दाखवायला पासपोर्टवरच्या शिक्क्यांशिवाय काही नाही. व्हिसावर तर अनेकदा 'मजूर' लिहिलेले असते. मग इथला ठेकेदार त्याला मजुराचाच पगार देऊ करतो. कसब असते, फक्त त्याची नोंद नसते.

म्हणून पहिले काम नोंदीचे. परत येण्याआधी, किंवा आल्यावर लगेच, अनुभवाचे पत्र, कराराची प्रत, पगाराच्या पावत्या, तिथला वाहन परवाना, केलेल्या कामाचे फोटो आणि सुपरवायझरचा नंबर एका फोल्डरमध्ये ठेवा. राहिलेले पैसेही मागा. अमिरातीत एक वर्ष पूर्ण केलेल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी सेवासमाप्तीची रक्कम मिळते, त्यानंतरच्या वर्षांसाठी ३० दिवसांची. ती सोडून येऊ नका. कंपनी देत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते.

दुसरे काम प्रमाणपत्राचे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाचा मार्ग आहे. शाळेत न शिकता, कामावर शिकलेल्या माणसाचे कसब तपासून त्याला प्रमाणपत्र देतात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी अशा सगळ्यांच्या ते कामाचे आहे.

तिसरे काम जमातीचे आणि मंडळांचे. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये परतलेल्यांसाठी 'स्वदेस' ही कौशल्यनोंद सुरू केली. पण दिल्लीतल्या यादीला म्हसळ्याचा मुलगा आणि रोह्याचा कारखाना यांची भेट घालून देणे अवघड जाते. ते तालुक्यातूनच व्हायला हवे. आपण लग्नाची, मय्यतीची, चंद्याची यादी बिनचूक ठेवतो. तशीच कसबाची ठेवू : नाव, काम, किती वर्षे, कोणती यंत्रे, कधीपासून मोकळा. साधी स्प्रेडशीट पुरते. धाटाव आणि महाडच्या औद्योगिक वसाहती, डोलवीचा पोलाद कारखाना, थळचा खत कारखाना, न्हावा-शेवा बंदर हे सगळे याच जिल्ह्यात आहे. यादी घेऊन आपणच त्यांच्या दारात जायचे. यादीत बहिणींची नावेही हवीत. आखातात नर्स, शिक्षिका, हिशेबनीस म्हणून काम केलेल्या मुली परत आल्या की त्यांना कोणी काही विचारतच नाही.

आता 'चांगले काम' म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ पासून सन्मानाच्या कामाची कल्पना मांडली आहे. आपल्यासाठी तिचे तीन प्रश्न करू. पगाराची पावती मिळणार का? पीएफ कापून भरणार का? पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआयचे कार्ड मिळणार का? ठेकेदाराने तिन्हींना 'नंतर बघू' म्हटले, तर आपणही तेच म्हणावे. नाव ऐकून कोणी दार लावले, तर ती तारीख आणि ते ठिकाणही टिपून ठेवा. एकट्याची तक्रार हवेत विरते, दहा नोंदी घेऊन गेलेल्या मंडळाचे ऐकावे लागते.

स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तर पीएमईजीपी आहे. उत्पादनासाठी ५० लाख, सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात अल्पसंख्याक अर्जदाराला ३५ टक्के अनुदान असते, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. बाकीचे बँकेचे कर्ज असते, म्हणून हिशेब आधी कागदावर मांडा. माहिती अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.

केरळने परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ मध्येच 'नोर्का' हा स्वतंत्र सरकारी विभाग काढला. आपण तसाच आग्रह आपल्या आमदारांकडे धरू या. पण मागणीसोबत आपल्याकडे आकडा हवा, आणि तो आपल्या यादीतूनच येईल.

आज इथे बसलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात एक काम करावे. परतलेल्या एका माणसाजवळ अर्धा तास बसा आणि त्याचे काम त्याच्याच शब्दांत लिहून आणा. पुढच्या बैठकीत आपण यादी उघडू, ती रिकामी नसावी.