मानवी मेंदूचे वेगळेपण



ऊसतोडणीचा हंगाम संपवून आईबापांबरोबर गावी परतलेले मूल चौथीच्या वर्गात बसते आणि त्याला दुसरीचे पुस्तकही वाचता येत नाही, हा प्रसंग ग्रामीण भागातील अनेक शाळांना परिचित आहे. अशा वेळी 'याच्या डोक्यातच नाही' असे उद्गार शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जातात. डोक्यात काय असते, याचा विचार त्या निमित्ताने करणे उचित होईल.

मनुष्याचा मेंदू सर्व प्राण्यांत मोठा, अशी एक समजूत आढळते. ती खरी नाही. मनुष्याच्या मेंदूचे वजन सरासरी 1,300 ते 1,400 ग्रॅम भरते; हत्तीचा मेंदू साडेचार ते पाच किलोंचा असतो. मग हत्तीने शाळा का काढली नाही? ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हौझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील मज्जापेशी मोजण्याची एक रीत शोधून काढली. मेंदूचा पातळ द्राव करावयाचा, तो सारखा ढवळावयाचा आणि थोड्या नमुन्यातील पेशींची केंद्रे मोजावयाची. ऐकावयास ती ताक घुसळण्यासारखी वाटते खरी. पण तिने जुने अंदाज बदलले. 2009 साली मनुष्याच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी आढळल्या. 2014 साली हत्तीच्या मेंदूत त्या 25,700 कोटी, म्हणजे जवळजवळ तिप्पट निघाल्या. परंतु त्यांपैकी शेकडा 97 हून अधिक पेशी डोक्याच्या मागील बाजूच्या लहान मेंदूत होत्या. हा भाग मुख्यतः हालचालींचा मेळ राखतो. सोंडेसारखा अवयव चालवावयाचा तर बहुधा एवढा फौजफाटा लागतच असेल. विचार आणि भाषा यांचा व्यवहार जेथे चालतो, त्या मोठ्या मेंदूच्या बाह्य थरात हत्तीच्या वाट्याला सुमारे 560 कोटी पेशी येतात, मनुष्याच्या वाट्याला 1,600 कोटी.

माणसामाणसांत मात्र वजनावरून काही ठरत नाही. 1921 साली नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेंच कादंबरीकार अनातोल फ्रान्स यांचा मेंदू जेमतेम एक किलो भरला. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा सुमारे दोन किलोंचा होता. मुलाचे डोके पाहून त्याचे भविष्य सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिक्षकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वाढीची आहे. म्हशीचे रेडकू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते. मनुष्याच्या बालकाला त्यासाठी वर्षभर लागते. नवजात बालकाचा मेंदू 350 ते 400 ग्रॅमचा, म्हणजे पूर्ण वाढलेल्या चिंपांझीच्या मेंदूएवढा असतो. तो पुढे साडेतीनपट होतो, आणि ही वाढ घरात, अंगणात, माणसांचे बोलणे ऐकत होते. सहाव्या वर्षापर्यंत आकार बहुतेक पूर्ण होतो. पेशींची जोडणी पुढेही चालू राहते. मज्जातंतूंवर स्निग्ध आवरण चढले की संदेश जलद वाहू लागतात. चिंपांझीत हे काम वयात येईपर्यंत उरकते. मनुष्यात ते विशी उलटल्यावरही चालूच असते.

वाचनाचेच उदाहरण घ्यावे. लिपी निर्माण होऊन जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूत निसर्गतः स्वतंत्र जागा तयार होणे शक्य नव्हते. म्हणून चेहरे व वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारचा, डाव्या बाजूचा एक प्रदेश या कामी लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान व सहकाऱ्यांनी 2010 साली पोर्तुगाल व ब्राझीलमधील निरक्षर, बालपणी शिकलेले आणि प्रौढपणी साक्षर झालेले, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांचे मेंदू तपासले. प्रौढपणी अक्षरे गिरविलेल्यांच्या मेंदूतही तो प्रदेश अक्षरांना प्रतिसाद देत होता. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उत्तर प्रदेशातील देवनागरी वाचणारे व निरक्षर लोक होते. तेथेही वाचनाने हा भाग बदललेला आढळला.

तोडणीहून परतलेले मूल तर अवघे नऊ वर्षांचे असते. त्याच्यापुढे दुसरीचे पुस्तक ठेवण्यास चौथीच्या शिक्षकाने संकोच करू नये. इतर मुलांना हसू देऊ नये. रोज अर्धा तास त्याला जवळ बसवून मोठ्याने वाचावयास लावावे. फडावर त्याने मोळ्या मोजल्या असतील, धाकटे भावंड सांभाळले असेल. पहिले शब्द तेथूनच घ्यावेत: ऊस, मोळी, कोयता, गाडी.