शेतमालाचा दाखला आणि त्याचे दाम



वसंत व्याख्यानमालेत आपण साहित्य, संगीत, अध्यात्म असे विषय ऐकायला येता. त्या पंक्तीत शेतमालाच्या दाखल्यासारखे कोरडे पक्वान्न वाढून ठेवल्याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. परंतु विषय कोरडा असला तरी परका नाही. आपण बसलो आहोत त्या नगरीच्या कारखान्यांखाली आणि सोसायट्यांखाली, आपल्या आजोबांच्या आठवणीतल्या काळापर्यंत, ज्वारी-बाजरी उभी होती. आणि आपल्या सकाळच्या भाजीला आजही खेड-मावळचीच माती लागलेली असते.

भोसरीतला लहान कारखानदार आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. तो मोटारीचा एखादा सुटा भाग करतो. मोठी कंपनी त्याला सांगते, “गुणवत्तेचे प्रमाणपत्र आण, मग काम देतो.” तो कुरकुरतो, वह्या लिहितो, तपासनिसाला चहा पाजतो आणि फी भरतो. परंतु पुढचे दरपत्रक देताना हा खर्च तो त्यात कोठे तरी बसवतो. नाहीच बसला, तर “परवडत नाही” असे म्हणण्याची सोय तरी त्याला असते. आता त्याच्या सख्ख्या भावाकडे चला. तो गावी शेती करतो. हल्ली त्याच्याकडेही प्रमाणपत्र मागतात. पण तो कधी दरपत्रक देत नाही. माल विकल्यावर त्याच्या हाती पट्टी येते. दरपत्रक देणारा आणि पट्टी घेणारा यांच्यातला फरक हाच माझा आजचा विषय आहे.

हे दाखले आले कोठून? शेतमालाची प्रतवारी करून त्यावर छाप मारण्याचा कायदा आपल्याकडे १९३७ पासून आहे. आपल्या तुपाच्या डब्यावरचे ‘अ‍ॅगमार्क’ ते हेच. पण त्या छापाने माल पारखला जाई, माल पिकवणारा नव्हे. १९९७ मध्ये युरोपातल्या मोठ्या दुकानदारांनी एकत्र येऊन शेताचीच नियमावली केली. तिला आज ‘ग्लोबल गॅप’ म्हणतात. औषधांची खोली कुलूपबंद हवी, मजुरांसाठी हात धुण्याची जागा व शौचकूप हवे, कोणती फवारणी कोणत्या दिवशी केली याची नोंद हवी आणि दरसाल तपासणी हवी. नियम दुकानदारांचे, तपासनीस त्यांना मान्य असलेल्या संस्थेचा, खर्च मात्र बागाईतदाराचा.

हे सारे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडल्यावरून हॉलंडमध्ये गहजब झाला. त्यानंतर आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षांची उर्वरित अंशांसाठी तपासणी सुरू झाली, आणि पुढे प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी ‘ग्रेपनेट’ पद्धत आली. शेजारी मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांचा या कामात मोठा वाटा आहे. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत याचे भान अनेकांना या वहीनेच दिले. जो माल परदेशी पाहुण्याला चालत नाही, तो आपल्या मुलाबाळांनी का खावा? हा प्रश्न रास्तच आहे.

पण याच कथेचा दुसरा अध्याय ऐका. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी बागाईतदार ते वापरत. ‘सीसीसी’ म्हणून ते सर्वांना ठाऊक होते. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. आपल्याकडे तपासायच्या द्रव्यांच्या यादीत हे नावच नव्हते! बागाईतदाराने नमुना दिला, तपासणीचे पैसे भरले, दाखला घेतला, माल जहाजावर चढवला. आणि परीक्षेत नसलेल्या प्रश्नावर तो नापास झाला. कित्येकांचा माल अडला, कित्येकांना पडेल भावाने विकावा लागला. यादी करणाऱ्याची चूक, भुर्दंड मात्र वेल लावणाऱ्याला. शेतकऱ्याला जबाबदार धरणारा दाखला त्याच्या पाठीशी मात्र उभा राहिला नाही. शेतकऱ्याचा राग तपासणीवर नाही. तो या एकतर्फी करारावर आहे.

निर्यात राहू द्या, सेंद्रिय शेतीकडे पाहू. रासायनिक खत सोडल्यापासून हंगामी पिकाला दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतराची धरतात. त्या काळात उत्पन्न घटण्याचा धोका असतो, तपासणीचा खर्च चालू असतो, आणि माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. एवढे सोसून त्याने आपला कांदा चाकणच्या बाजारात नेला, तर काय होते? वक्कल ओतले जाते. व्यापारी कांद्याचा आकार, रंग, वाळवण पाहतो, मूठभर उचलून दाबतो आणि बोली बोलतो. खिशातला दाखला खिशातच राहतो. पट्टीवर हमाली, तोलाई यांना रकाना आहे. विश्वासाला रकाना नाही.

चाकणचे नाव मी सहज घेतले नाही. आंबेठाणला शेती करणारे शरद जोशी यांनी १९८० मध्ये याच भागात कांद्याचे आंदोलन उभे केले, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी बसला. त्यांचा प्रश्न साधा होता: पिकवायला जो खर्च येतो, तो तरी भावात निघतो की नाही? आज खर्चाच्या त्या यादीत दाखल्याची भर पडली आहे. प्रश्न तोच आहे.

मग मार्ग कोणता? पहिली गोष्ट, ज्याला खात्री हवी त्याने खात्रीचे दाम द्यावे. हे अशक्य आहे काय? फळे-भाजीपाल्याची अडत पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात होती. २०१६ मध्ये महाराष्ट्रात ती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, कुरबुर झाली, पण जग बुडाले नाही. जो न्याय अडतीला, तोच दाखल्याला लावा. दुसरी गोष्ट, नियम करणाऱ्यांच्या बैठकीत शेतकऱ्याला पाट मांडा. विलायतेतही हाच झगडा आहे. तेथील ‘रेड ट्रॅक्टर’ या छापाच्या चालकांनी २०२३ मध्ये पर्यावरणाची नवी कलमे परस्पर जाहीर केली. शेतकरी असा खवळला की २०२४ मध्ये ती गुंडाळावी लागली. तिसरी गोष्ट, एकट्या दोन एकरवाल्याने हा भार उचलू नये. द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभी केली, ती याच जाणिवेने.

चौथी गोष्ट आपल्या हातची आहे. शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासून हमी देण्याची एक सरकारमान्य पद्धत आपल्या देशात आहे. तिला खर्च थोडा लागतो, पण गिऱ्हाईकाचा डोळा लागतो. आपल्या सोसायटीने खेड-मावळातला असा एक गट धरावा, वर्षातून दोनदा सहकुटुंब त्याच्या बांधावर जावे, फवारणीची वही मागावी, आणि भाव हंगामापूर्वी ठरवावा. म्हणजे शेतकरीही दरपत्रक देऊ लागेल! ते महाग वाटले तर घासाघीस जरूर करा. पण वही मागायची आणि भाव मात्र वहीविना आलेल्या मालाचा द्यायचा, हे करू नका.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हापासून शेतकऱ्याच्या दारी येणारा कागद बहुधा काही तरी न्यायलाच येतो. एखादा कागद त्याला काही द्यायला आला, तर तो त्याला उंबऱ्यातून परत पाठवणार नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवील.