चेहऱ्याची गोष्ट आणि तिच्या वाचक मुली

श्रोतेहो, चित्रकथा म्हटलं की आपल्या पिढीला आठवतो तो ‘चांदोबा’, ‘अमर चित्र कथा’, नाहीतर वेताळ आणि मँड्रेक. त्यात राजे होते, राक्षस होते, शूर वीर होते. शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी, त्यांच्याच वयाच्या मुलीची, चित्रांतून सांगितलेली प्रेमकथा हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. दक्षिण कोरियात मात्र तो चांगला रुजला, फोफावला आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून जगभर पोचला. अशाच एका चित्रकथेबद्दल आणि त्याहून जास्त तिच्या वाचकांबद्दल आज बोलायचं आहे. कारण कथेपेक्षा तिच्यावरची भांडणं मला अधिक बोलकी वाटतात.

कोरियन भाषेत चित्रकथेला म्हणतात ‘मानह्वा’ आणि मुलींच्या चित्रकथेला ‘सुनजंग मानह्वा’. सुनजंग म्हणजे निर्मळ, निष्पाप भावना. नाव असं गोंडस, पण या चित्रकथांच्या नशिबी आलेली वागणूक तशी नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत कोरियातली वडीलधारी मंडळी चित्रकथांना मुलांचं डोकं बिघडवणारी वस्तू मानत. बालदिनाच्या सुमारास चित्रकथांचे ढीग रचून त्यांची होळी केली जाई. मुलांचा सण आणि मुलांच्याच पुस्तकांची होळी! छापण्याआधी सरकारी तपासणी असे, ती वेगळीच.

तरीही मुली वाचत राहिल्या. १९८८ मध्ये ‘रेनेसाँ’ नावाचं खास सुनजंग मासिक निघालं, १९९३ मध्ये ‘विंक’ आलं. गल्लोगल्ली ‘मानह्वाबांग’ होते, म्हणजे तासावर पैसे देऊन चित्रकथा वाचत बसायच्या खोल्या. भाड्याने पुस्तकं देणारी दुकानंही होती. याच ‘विंक’मध्ये २००२ पासून पार्क सो-ही या चित्रकर्तीची ‘गुंग’ ही कथा क्रमशः येऊ लागली. कोरियात आजही राजघराणं असतं तर काय झालं असतं, अशी तिची कल्पना. शाळेतल्या एका साध्या मुलीचं लग्न युवराजाशी होतं. २००६ मध्ये तिच्यावर दूरदर्शन मालिका निघाली आणि ती आशियाभर गाजली.

पुढे कागद मागे पडला. संगणकावर आणि मग मोबाइलवर, वरून खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा आल्या. त्यांना ‘वेबटून’ म्हणतात. प्रत्येक कथेचा आठवड्यातला वार ठरलेला. भाग संपला की खाली वाचकांनी तारे द्यायचे आणि मत लिहायचं. ज्या मताला इतर वाचकांची जास्त पसंती, ते सर्वांत वर. पुढचा भाग आधी वाचायची घाई असेल तर थोडे पैसे मोजायचे. त्या नाण्याला नाव दिलंय ‘कुकी’! आपल्याकडे साप्ताहिकातल्या क्रमशः कादंबरीवर वाचकांची पत्रं येत, ती छापून यायला पंधरा दिवस, महिना लागे. इथे भाग वाचून होतो न होतो तोच हजारो मतं येऊन पडतात, आणि लेखिकेला पुढचा भाग त्या गलक्यातच काढायचा असतो.

आता आजची कथा. एप्रिल २०१८ मध्ये कोरियातल्या ‘नेव्हर’ या कंपनीच्या वेबटूनवर ती सुरू झाली. मूळ नाव ‘योशिन गांगनिम’, म्हणजे ‘देवी अवतरली’. त्याच वर्षी इंग्रजीत ती ‘ट्रू ब्यूटी’ म्हणून आली आणि आपल्याकडच्या मुलींनी ती वाचली ती इंग्रजीतूनच. चित्रकर्तीने टोपणनाव घेतलंय ‘याओंगी’. कोरियन मांजर ‘याओंग’ करतं, तेव्हा याओंगी म्हणजे आपली मनीमाऊ.

नायिका लिम जु-ग्यंग. दिसण्यावरून शाळेत तिचा अतोनात छळ होतो. ती इंटरनेटवरच्या चित्रफिती बघून मेकअप शिकते आणि नव्या शाळेत जाते, तिथे सगळे तिला ‘देवी’ म्हणू लागतात. आता एकच धास्ती, खरा चेहरा कोणाला दिसता कामा नये. पण तिला भयकथा वाचायचा नाद. मेकअप न करता ती चित्रकथांच्या दुकानात जाते आणि नेमका तिथेच तिच्या वर्गातला देखणा, अबोल ली सु-हो भेटतो. पुढे दुसरा येतो, हान सो-जुन. वरून उर्मट, आतून हळवा. एका मित्राच्या मृत्यूवरून या दोघांत वितुष्ट आलेलं असतं. आणि मग पाच वर्षांच्या आसपास, २०२३ पर्यंत, ही कथा चालली.

वाचकांचं पहिलं भांडण सरळ आहे : सु-हो की सो-जुन? सु-होच्या बाजूच्या म्हणतात, त्याने तिला आधी बिनमेकअपची पाहिलं आणि तरीही त्याला ती आवडली, मग कौल कसला मागता? सो-जुनच्या बाजूच्या म्हणतात, सु-हो परदेशी निघून गेला तेव्हा तिच्याजवळ कोण होतं? शेवटी नायिका सु-होकडेच जाते, आणि दुसऱ्या बाजूच्या मुलींनी ते अजून मनाला लावून घेतलंय. वरवर पाहता पोरखेळ. पण जरा कान देऊन ऐका. माणसाने आपल्याला पहिल्यांदा ओळखलं, याची किंमत जास्त, की अडचणीत तो आपल्यापाशी थांबला, याची? कितीतरी थोरामोठ्यांना आयुष्यभर न सुटलेला प्रश्न या मुली चौदाव्या वर्षी मांडतायत.

दुसरी तक्रार कथेच्या वेगाची. कोरियन वाचकांचे यासाठी दोन झकास शब्द आहेत. कथा अडून बसली, गैरसमज मिटेनात, पात्रं बोलायचं ते बोलेनात, की ते म्हणतात ‘गोगुमा’, म्हणजे रताळं. उकडलेलं रताळं पाण्याशिवाय खाल्लं की कसं घशात अडकतं, तसं. आणि एखाद्या भागात नायिका खडसावून बोलली, दुष्टाला धडा मिळाला, की म्हणायचं ‘साइदा’. हा आपल्या लिंबू सोड्यासारखा फसफसणारा गोड सोडा. घशातलं रताळं खाली उतरलं! ‘ट्रू ब्यूटी’च्या मधल्या भागांत रताळी फार झाली, हे तिच्या चाहत्यांनाही कबूल आहे. दर आठवड्याला काहीतरी द्यायचंच म्हटल्यावर पाणी घालावं लागतं. हे दुखणं आपल्या संध्याकाळच्या मालिका पाहणाऱ्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

तिसरं भांडण मात्र खरं. ते चेहऱ्याचं. एक गट म्हणतो, ही कथा सांगते एक आणि दाखवते भलतंच. माणसाचं मन पाहा, असं म्हणायचं, पण चित्रात प्रत्येक पानावर मोठे डोळे, नाजूक हनुवटी, बारीक कंबर. आणि कुरूप म्हणून दाखवलेली नायिका तशी कुरूप नाहीच. डिसेंबर २०२० मध्ये हिची मालिका आली, त्यात मून गा-यंग ही देखणी अभिनेत्री. तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या रंगवल्या आणि म्हणाले, ही बघा कुरूप मुलगी. पुष्कळ प्रेक्षक मुलींनी विचारलं, मग आम्ही कोण?

दुसऱ्या गटाचं उत्तर तितकंच ठाम आहे. जिचा छळ होतोय तिला ‘स्वतःला आहे तशी स्वीकार’ हे सांगणं सोपं. ज्या दिवशी वर्ग तिच्यावर हसायचा थांबेल, त्या दिवशी ती स्वीकारेलही. तोवर मेकअप ही तिची ढाल आहे. शिवाय तीच कला पुढे तिचा व्यवसाय होते. मग त्यात कमीपणा कसला?

हे भांडण कोरियात आभाळातून पडलेलं नाही. तिथे नोकरीच्या अर्जाला फोटो जोडायची पद्धत अगदी मुरलेली. सरकारी संस्थांतल्या भरतीत फोटो आणि कौटुंबिक माहिती नको, असं धोरण यायला २०१७ साल उजाडलं. आणि योगायोग बघा, ज्या एप्रिल २०१८ मध्ये ही कथा सुरू झाली, त्याच महिन्यात ‘एमबीसी’ वाहिनीची एक निवेदिका सकाळच्या बातम्या द्यायला चश्मा लावून बसली, तर तीच मोठी बातमी झाली! पुरुष निवेदक वर्षानुवर्षं चश्मा लावत होते. त्याच वर्षी कोरियन तरुणींनी ‘थालकोरसेट’ नावाची चळवळ उचलून धरली. थालकोरसेट म्हणजे कॉर्सेट काढून टाकणं, शरीर आवळून बांधणारं ते वस्त्र झुगारणं. मुलींनी केस बारीक कापले, लिपस्टिकी मोडल्या, पावडरी चुरडल्या आणि त्यांची छायाचित्रं जगाला दाखवली. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, काही मुली मेकअपची डबी फोडत होत्या आणि काही मुली दर आठवड्याला मेकअपने देवी झालेल्या मुलीची वाट बघत होत्या. माझा अंदाज असा, की कितीतरी मुली या दोन्ही ठिकाणी होत्या.

आपल्याकडे या कथेने मुलींना का धरलं, हे कळायला कोरियाला जायची गरज नाही. ज्या घरांत अजून ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ची जाहिरात वाचली जाते, जिथे गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमला आपल्या नावातला ‘फेअर’ शब्द काढायला २०२० साल उजाडावं लागलं, तिथल्या मुलीला जु-ग्यंगची धास्ती परकी कशी वाटेल? ‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ हे तिने कितीदा ऐकलेलं असतं.

आता पालकांबद्दल दोन शब्द. मुलगी मोबाइलवर प्रेमकथा वाचते म्हटलं की घरात दोनच गोष्टी होतात : फोन काढून घेतला जातो, नाहीतर ‘कसला हा फालतूपणा’ म्हणून हसलं जातं. कोरियात पुस्तकं जाळून झाली, त्याने वाचन थांबलं नाही. मुली ते लपवू लागल्या, इतकंच. आणि लपून वाचणाऱ्या मुलीला खटकलेली गोष्ट ती बोलून दाखवणार कोणाला?

या कथांत सगळं चांगलंच आहे, असं मी म्हणणार नाही. मुलीचं मनगट धरून तिला ओढत नेणारा नायक या प्रकारच्या कथांत वर्षानुवर्षं रुबाबदार म्हणून मिरवला. घुम्या, तुसड्या मुलाला प्रेमाने माणसात आणणं हे मुलीचंच काम, असंही ठरून गेलं होतं. पण हे खटकतं असं म्हणणाऱ्यांत आघाडीवर कोण होतं? वाचक मुलीच होत्या. पूर्वी ज्या प्रसंगावर त्या उसासे टाकत, त्याच प्रसंगावर पुढे विचारू लागल्या, ‘त्याने तिला विचारलं का?’ हे त्यांना कोणी भाषण देऊन शिकवलं नाही. एकमेकींची मतं वाचून आणि वाद घालून त्या शिकल्या.

म्हणून श्रोतेहो, घरात अशी एखादी वाचक असेल तर तिला कथा चांगली की वाईट, असं विचारू नका. ‘तू सु-होच्या बाजूची की सो-जुनच्या?’ एवढंच विचारा. ती आधी चकित होईल, मग बोलू लागेल. बोलता बोलता गाडी कधीतरी त्या आरशापाशी येईल, जिथे जु-ग्यंग रोज सकाळी बसते. तिथे आपण उपदेश करायचा नाही, फक्त ऐकायचं. कारण त्या वेळी ती जु-ग्यंगबद्दल बोलत नसते, स्वतःच्या चेहऱ्याबद्दल बोलत असते.