अहवालाकडून खाडीकडे : प्रयोगशाळेच्या इंटर्नल ऑडिटविषयी
(अध्यक्षीय भाषण, सफाळे)

पर्यावरण तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे इंटर्नल ऑडिट म्हणजे प्रयोगशाळेने स्वतःचीच घेतलेली उलटतपासणी. आयएसओ/आयईसी 17025 या मानकाच्या 2017 च्या आवृत्तीत ते 8.8 या कलमात येते. ठरावीक अंतराने ऑडिट करावे, निष्कर्ष संबंधित व्यवस्थापनाला कळवावेत, दुरुस्ती वेळ न दवडता करावी, असे ते कलम थोडक्यात सांगते. प्रत्यक्ष कसे करायचे, हे प्रयोगशाळेवर सोडलेले आहे आणि घोळ होतो तो तिथेच. चेकलिस्टवर खुणा करत दोन दिवसांत ऑडिट उरकते, मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे असेसर येण्याआधी फाइल जाड होते, आणि बीओडीच्या (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) बाटल्या होत्या तिथेच राहतात.

बोईसर-तारापूर पट्ट्यात आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात पहिले आले. त्याआधी 2016 मध्ये मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तिथल्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. अशा वादात कारखानदार असो की मच्छीमार, शेवटी बोट ठेवले जाते ते प्रयोगशाळेच्या अहवालावरच.

म्हणून ऑडिटची सुरुवात भिंतीवरच्या गुणवत्ता धोरणाच्या फ्रेमपासून न करता अहवालापासून केलेली बरी. गेल्या तीन महिन्यांतला कोणताही एक अहवाल काढायचा आणि तिथून मागे चालत जायचे. अहवालातला आकडा वर्कशीटवर सापडतो का, वर्कशीटवरचे द्रावण कोणत्या दिवशी प्रमाणित केले, त्यासाठी वजन कोणत्या काट्यावर केले, त्या काट्याचे कॅलिब्रेशन कोणी केले, नमुना रजिस्टरमध्ये किती वाजता चढला, बाटली कोणी भरली. एवढ्या पायऱ्या उतरताना एखादी तरी हमखास डुगडुगते. सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) टायट्रेशनला लागणारे फेरस अमोनियम सल्फेट हवेने हळूहळू ऑक्सिडाइज होते, त्यामुळे ते वापराच्या दिवशीच प्रमाणित करावे लागते. वर्कशीटवर सलग तीन आठवडे तीच नॉर्मॅलिटी चार दशांश स्थळांपर्यंत दिसली, तर पुढचे विचारण्याची फारशी गरज उरत नाही.

ही वाट खाडीपर्यंत गेली की खरी अडचण दिसते. वैतरणेच्या मुखाशी, दातिवऱ्याच्या बाजूला, भरतीचे पाणी आत शिरते. नमुन्याच्या फॉर्मवर तारीख असते, वेळ असते, जागाही असते. भरती होती की ओहोटी, याला रकानाच नसतो. सीओडीच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. सीओडी मोजायला वापरतात तो डायक्रोमेट खाऱ्या पाण्यातला क्लोराइडही खातो. क्लोराइडच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे 0.226 मिलिग्रॅम सीओडी फुकटचा वाढतो, म्हणजे लिटरमागे 1000 मिलिग्रॅम क्लोराइड रोखला गेला नाही तर 226 चा आकडा नुसत्या मिठाचा. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा 250 आहे, हे लक्षात घेतले की घोटाळ्याचा आकार कळतो. क्लोराइड बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण नेहमीच्या मात्रेत ते साधारण 2000 मिलिग्रॅमपर्यंतच पुरे पडते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड 19,000 च्या घरात असतो. वर्कशीटवर सीओडीच्या शेजारी क्लोराइडचा आकडा नसेल, तर टायट्रेशन कितीही नेटके असले तरी तो नमुना त्या पद्धतीच्या कक्षेत होता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. (तपासून झालेले पारायुक्त द्रावण कोणत्या कॅनमध्ये जाते, हेही त्याच फेरीत विचारावे. पर्यावरणाच्या प्रयोगशाळेचे सिंक हा नाजूक विषय आहे.)

नोंदवह्या वाचायला वेगळी नजर लागते. बीओडी इन्क्युबेटरचे तापमान 27 अंश, एक अंश इकडेतिकडे. लॉगबुकात महिनाभर सकाळ-संध्याकाळ 27.0, अक्षर एक, शाई एक, सुटीच्या दिवशीही सही. गुरुवारी लावलेल्या बाटल्यांचे चाचणीचे तीन दिवस रविवारी भरतात. रविवारी प्रयोगशाळा बंद आणि वर्कशीटवर अंतिम डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मात्र लिहिलेला. यात लबाडीपेक्षा सवय जास्त असते. वही कोरी दिसली तर ओरडा बसतो, भरलेली दिसली तर कोणी काही बोलत नाही, हे नवीन केमिस्ट पहिल्या महिन्यातच शिकतो. खाडाखोड नसलेली वही ऑडिटरने जास्त सावकाश वाचावी. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख, अशी वही विश्वासाला पात्र.

ऑडिट कोणी करायचे, हा लहान प्रयोगशाळांचा जुना प्रश्न. आठ माणसांच्या जागेत स्वतःचे काम स्वतः तपासू नये एवढे पथ्य पाळता येते: पाण्याचा केमिस्ट हवेच्या विभागात, हवेचा पाण्यात. हवेच्या फिल्टर पेपरचे वजन घेण्याआधी तो डेसिकेटरमध्ये किती वेळ ठेवला, असे पाण्याच्या माणसाने भाबडेपणाने विचारले की अनेकदा उत्तरच मिळत नाही.

सर्वांत कच्चा दुवा एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी) क्लोज करण्याचा. ‘संबंधित केमिस्टला प्रशिक्षण दिले’ हे उत्तर इतक्या फायलींत आढळते, की या पट्ट्यातले केमिस्ट देशात सर्वांत प्रशिक्षित ठरावेत. इन्क्युबेटरच्या वहीबाबत प्रशिक्षणाने काय साधणार? सुटीच्या दिवशी वाचन घ्यायला माणूस नाही, हे त्यामागचे कारण. त्यावर उपाय म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारा लॉगर, बाटल्या सोमवार ते बुधवार लावण्याचे वेळापत्रक आणि व्यवस्थापन आढाव्यात मंजूर झालेला खर्च. तीन महिन्यांनी ऑडिटरने तीच वही पुन्हा उघडावी. एखाद्या रात्री वीज गेली, तापमान 29.5 वर चढले, त्या बॅचचे निकाल रद्द करून नमुने पुन्हा मागवले, अशी ओळ तिथे सापडली, तर ती एनसी क्लोज.